मापात पाप

प्रामाणिकपणाची आपली व्याख्या सोपी आहे: समोरच्याने मापात मारू नये. शेर, पायली, अधोली गेली, 1956च्या कायद्याने किलो-लिटर आले; पण दुकानदाराच्या हाताकडे पाहायची आपली नजर काही बदलली नाही. आणि ती बदलू नये, अशी सोय दुकानदारही करत असतो.

दिवाळीत मिठाईच्या दुकानातला पोऱ्या आधी पुठ्ठ्याचा खोका काट्यावर ठेवतो, मग त्यात काजूकतली रचतो. खोक्याचं वजन वजा करणारं बटण काट्यावर असतं. पण ते इतकं नवंकोरं, की त्याला कधी बोट लागलं असेल असं वाटत नाही. कतली 1200 रुपये किलो आणि खोका 60 ग्रॅमचा धरला, तर 72 रुपये नुसत्या पुठ्ठ्याचे झाले. खोक्याचं वजन मिठाईत धरणं बेकायदा आहे, हे ठाऊक असलेले एखादे साहेब मग आवाज चढवतात, ‘‘मालक, पुठ्ठा वेगळा मोजा!’’

मालक गोड हसतो. ‘‘साहेब, तुमच्यासाठी दोन तुकडे जास्त टाकतो की!’’

साहेबांना तुकडे नको असतात, तत्त्व हवं असतं. तुकडे मात्र ते घेतात.

हेच तत्त्वनिष्ठ साहेब सोमवारी दहाच्या ऑफिसला साडेदहाला पोचतात. चिरंजीवांचा शाळेचा प्रकल्प ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत छापून घेतात. रिक्षाने जाऊन टॅक्सीचं बिल लावतात. ज्या वडिलांना भाड्यापोटी छदामही दिला नाही, त्यांच्या सहीची घरभाड्याची पावती बिनदिक्कत जोडतात. याला चोरी कोण म्हणणार? ‘सगळेच करतात’ म्हटलं की विषय संपला. मुलाचं स्थळ बघताना ‘पगार किती’च्या पाठोपाठ ‘वरकमाई किती’ हेही कौतुकाने विचारणारी माणसं आपण!

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनाच्या नियमाप्रमाणे दर वर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. ऑफिसातल्या खुर्चीची अशी पडताळणी नाही. मिठाईवाल्याने पकडला गेल्यावर दोन तुकडे तरी भरून दिले. साहेब सकाळचा अर्धा तास भरून देणं दूरच, संध्याकाळी पावणेसहालाच डबा पिशवीत घालतात.

तेव्हा दुकानदाराला जरूर हटका, तो आपला हक्कच आहे. पण मुलाचा प्रकल्प कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. तोही रंगीत काढून देतो.