आधी पाणी पीळ

अगं ए, ये जरा कुंपणापाशी. कपडे मागाहून वाळत घाल. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बातमी कळली का? साहेबांची तीन महिन्यांची साखर जास्त आली म्हणे, आणि बाईंनी कणकेचा डबाच माळ्यावर टाकला. आता रोज फ्लॉवरच्या पोळ्या! काल मला मुद्दाम हाक मारून खाऊ घातली. तव्याला चिकटून लगदा झालेला, तोच उलथन्याने खरवडून ताटलीत वाढला. मी म्हटलं, "छान आहे हो." दुसरं काय म्हणणार?

मग हळूच विचारलं, मिळून यायला काय घातलंत? तर म्हणे कॉर्नफ्लोअर, आणि वर मूठभर ज्वारीचं पीठ. आता बोल! कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च. कणीक पुढच्या दाराने घालवली नि तिची बहीण मागच्या दाराने घरात घेतली. आणि ज्वारीचं तर आपल्याकडे भलतंच कौतुक. भाकरीने पोट भरतं, चोथाही मिळतो, सगळं खरं. पण 100 ग्रॅम ज्वारीत 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच, जवळजवळ गव्हाइतकी. फ्लॉवरमध्ये तेवढ्याच वजनाला जेमतेम 5. म्हणून तर हा सगळा खटाटोप ना!

लगदा का झाला म्हणून काय विचारतेस? पाणी! फ्लॉवरमध्ये 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात कणकेला ग्लूटेनचा चिवटपणा असतो, तो भाजीला कुठून येणार?

मी कशी करते ऐक. अर्धा किलो फ्लॉवर किसायचा, चाळणीत पाच-सात मिनिटं वाफवायचा, ताटात पसरून गार करायचा. मग धुतलेल्या जुन्या पंच्यात बांधून पिळायचा, अगदी मनगटं भरून येईपर्यंत. निघालेलं पाणी आमटीत घाल. पंच्यात इवलासा कोरडा गोळा उरतो, "एवढाच?" असं वाटलं म्हणजे नीट पिळलं गेलं. मीठ थापायच्या तोंडावर घाल, नाहीतर परत पाणी सुटतं.

आता त्यात एक अंडं. तुमच्याकडे चालत नाही, तेव्हा दोन चमचे इसबगोल आणि चमचाभर जवसाची पूड. दहा मिनिटं झाकून ठेवलंस की इसबगोल फुगतं आणि गोळा धरून बसतो. मिरची, ओवा, कोथिंबीर, हवं तर कुस्करलेलं पनीर. केळीच्या पानावर नाहीतर बटर पेपरवर ओल्या हाताने थाप, मध्ये भोक पाड, तेल सोड, झाकण ठेव. आणि उलटायची घाई करू नकोस बाई! कडा तांबूस होऊन आपणहून सुटल्या की मगच उलथनं घाल.

दुधीचंही होतं, पण किसण्याआधी तुकडा चाखून बघ. कडू लागला तर सरळ फेक. कडू दुधीने माणसं दवाखान्यात जातात.

घडीची पोळी मात्र मनातही आणू नकोस. रस्सा ओरपायला याचा काडीचा उपयोग नाही. आमचे हे म्हणाले, "आज थालीपीठ बरं जमलंय." मी कशाला दुरुस्त करू? वर लोण्याचा गोळा ठेवला नि गप्प बसले. आणि ते तयार 'किटो' पोळ्यांचं पाकीट आणशील, तर आधी पाठीमागचं बारीक अक्षर वाच. सुरुवातीलाच टॅपिओका स्टार्च दिसला तर ठेव परत. साबुदाणा त्याचाच तर होतो!

बरं, तुझ्या सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे ना? मग उद्यापासून एकदम पोळ्या बंद नको करूस. खाणं बदललं आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर फार खाली जाते, घाम फुटतो, चक्कर येते. आधी डॉक्टरांना विचार. आणि इसबगोलावर पाणी भरपूर प्यायला लाव, नाहीतर पोट साफ व्हायचं सोडून उलटं धरून बसेल.