दर्यासारंग, डोंबिवली पूर्व

आमच्या सोसायटीत ज्यांना सगळे दर्यासारंग म्हणतात, ते बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार आणि हवा भरायच्या एका कयाकचे मालक आहेत. गाडी नाही. ऐपत आहे, इच्छा नाही. "समुद्रावर जायला गाडी लागते ही अफवा गाडीवाल्यांनीच उठवलीय," असं ते लिफ्टमध्ये सांगतात. लिफ्टमध्ये तेव्हा ते, कयाकची सतरा किलोची पिशवी आणि भिंतीला चिकटलेले आपण असतो.

घडीची होडी आणि रेल्वे यांचं नातं जुनं आहे, हे त्यांचं आवडतं व्याख्यान. रोझेनहाइमच्या क्लेपर नावाच्या शिंप्याने १९०७ मध्ये घडीच्या होड्या विकायला सुरुवात केली, आणि लोक त्या पाठीवर मारून आगगाडीने नदीवर जाऊ लागले. ऑस्कर स्पेक तर १९३२ साली तशाच होडीतून उल्महून डॅन्यूबमध्ये उतरला आणि हिंदुस्थानचा किनारा करत १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचला. महायुद्ध नुकतंच पेटलेलं, त्यामुळे पोचल्या पोचल्या त्याला अटक झाली. हा भाग दर्यासारंग गाळतात. काकू तो आठवणीने सांगतात.

खरी करामत मुहूर्ताची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळ्यांचं गणित त्यांना पाठ आहे. पौर्णिमेला भरती दुपारी, म्हणजे सकाळी गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरावं तर पाणी लांब आणि मध्ये चिखल. अष्टमीला सहा वाजता, तेव्हा हे अजून लोकलमध्ये. एकादशीला मात्र सव्वाआठ! म्हणून कॅलेंडरात रविवारची एकादशी शोधायची. उपासासाठी काकूही तीच शोधतात, त्यामुळे घरात एकमत दिसतं. पावसाळ्यात बोटी बंद. तो वजा जाता असे रविवार वर्षाला दोन-तीन.

त्या पहाटे ते मालडब्यात चढतात. डब्यात रिकाम्या टोपल्या घेऊन धक्क्यावर निघालेल्या कोळिणी. पहिल्याच वेळी एकीने पिशवीला पायाने ढोसून विचारलं, "त्यान काय हाय, बाबा?"

"होडी."

"आमची होरी पान्यान असते," ती म्हणाली आणि डबाभर हशा पिकला. दर्यासारंगही हसले, पण भायखळ्यापर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

पुढे सीएसएमटीहून बस. कंडक्टर पिशवीकडे बघतो, मग त्यांच्याकडे बघतो आणि लगेजचं तिकीट फाडतो. होडीला किती आकारायचं हे कुठल्याच तक्त्यात नसल्यामुळे दरवेळी रक्कम वेगळी. गेटवेवर बोटीत बोट चढवताना खलाशी विचारतो, "काका, आमच्यावर भरवसा नाय का?"

गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या गाडीवाल्यांना दया आली. "पिशवी डिकीत टाका, तुम्हीही बसा," ते म्हणाले. दर्यासारंगांनी नम्रपणे नकार दिला आणि पैज लावली. गाडीवाले वडखळला अडकले. हे आठच्या आधी मांडव्याला हजर! विजयाचा चहा घेतला, मग दुसरा घेतला, मग गाडीवाल्यांना तीन फोन केले आणि प्रत्येक फोनमध्ये वाहतुकीची काळजीपूर्वक चौकशी केली. पंप हातात घेतला तेव्हा नऊ वाजून गेले होते. हवा भरेपर्यंत साडेनऊ. पाणी तोवर निघालेलं. गुडघाभर चिखलातून कयाक ओढत ते पाण्यापर्यंत गेले, वीस मिनिटं वल्हवलं आणि परतीची बोट चुकू नये म्हणून लगेच वळले. गाडीवाले पोचले तेव्हा हे कयाक पुसत होते.

संध्याकाळी गच्चीवर वृत्तांत झाला. त्यात लोकल, बस, बोट, कुठे किती मिनिटं वाचली, सगळं आलं. समुद्र एका वाक्यात आटोपला.

पुढच्या एकादशीला मालडब्यात तीच कोळीण होती. टोपली सरकवून तिने पिशवीला जागा करून दिली.

"मागल्या येली भिजली का होरी?"

"भिजली की."

तिने पिशवीच्या तळाला लागलेला वाळका चिखल नखाने खरवडून पाहिला.

"खालून," ती म्हणाली.