फुप्फुसांनी पुरावा सादर करावा

हवेच्या प्रदूषणाने माणसं मरतात का, या प्रश्नाचं सरकारी उत्तर संसदेला एव्हाना पाठ झालं असेल. केवळ प्रदूषणामुळेच मृत्यू किंवा आजार ओढवतो, असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक माहिती देशात उपलब्ध नाही. मंत्री बदलले, उत्तराचा काना-मात्रा हलला नाही. डिसेंबर 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर तर एक पाऊल पुढे गेले. प्रदूषणाने आयुष्य घटतं असं एकाही भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही, लोकांत भीती पसरवू नका, असं त्यांनी लोकसभेत सांगितलं. त्याआधी वर्षभर, डिसेंबर 2018 मध्ये, 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. 2017 या एका वर्षात 12.4 लाख मृत्यूंमागे हवेचं प्रदूषण होतं आणि हवा बरी असती तर भारतीयांचं सरासरी आयुर्मान 1.7 वर्षांनी वाढलं असतं, असा त्याचा निष्कर्ष. अभ्यास करणाऱ्यांत पुढे होती आयसीएमआर, म्हणजे केंद्राच्याच आरोग्य खात्याखालची संशोधन परिषद. दोन्ही कार्यालयं दिल्लीत, एकाच हवेत श्वास घेणारी. धुरक्यात एकमेकांना दिसली नसतील, इतकंच.

यावर सरकारच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. हे बारा लाख मृत्यू कुणी स्मशानात उभं राहून मोजलेले नाहीत. प्रदूषणाची पातळी, रोगांचं प्रमाण आणि जोखीम यांच्या गणितातून काढलेला तो अंदाज आहे आणि गणित बदललं की आकडाही बदलतो. कबूल. पण मग 'केवळ प्रदूषणामुळेच' मेलेला माणूस आणायचा कुठून? केवळ रक्तदाबाने, केवळ तंबाखूने तरी कोण मरतं? तंबाखूच्या बाबतीतही हाच पवित्रा आपल्याकडे घेऊन झालेला आहे. 2015 मध्ये सिगारेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापण्याचा नियम लागू व्हायच्या बेतात होता. तेव्हा हा नियम तपासणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी शंका काढली की तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारं भारतीय सर्वेक्षण कुठे आहे? नियम वर्षभर लांबला. मृत्यूच्या दाखल्यांकडे बोट दाखवावं, तर 2020 साली देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांचंच कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. उरलेले लोक नेमके कशाने गेले, हे कागदाला ठाऊकच नाही. त्या कागदाकडून निर्णायक पुराव्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची चिकाटी मानली पाहिजे.

सरकारला विज्ञानाचं वावडं आहे, असा निष्कर्ष यातून काढणं मात्र अन्यायाचं होईल. नोव्हेंबर 2019 मध्ये, राजधानी धुरात बुडालेली असताना, आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी गाजर खाण्याचा सल्ला दिला. प्रदूषणाच्या अपायांवरही ते उपयोगी पडतं म्हणे. मंत्रिमहोदय स्वतः डॉक्टर. गाजराकडे कुणी निर्णायक माहिती मागितली नाही. औष्णिक वीज केंद्रांचं प्रकरण याहून बोलकं आहे. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी एफजीडी यंत्रणा बसवावी लागेल, असे निकष डिसेंबर 2015 मध्ये आले. मुदत दोन वर्षांची होती, ती वाढत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. आधार कशाचा? अभ्यासांचा! आयआयटी दिल्ली आणि नागपूरच्या नीरीसारख्या संस्थांचे अहवाल पुढे आले. आपल्या कोळशात गंधक कमी, हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, शिवाय यंत्रणा चालवायला जादा वीज लागून कार्बन वाढणार. हे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. पण हा वायू चिमणीतून निघाला की वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि मोजणी केंद्रावर ते वायू म्हणून नव्हे, धूलिकण म्हणून भेटतात. हा वाद तज्ज्ञांमध्ये अजून मिटलेला नाही. इथे मात्र 'निर्णायक' हे विशेषण कुणाला आठवलं नाही. पुरावा किती भक्कम हवा, हे त्यातून खर्च निघतो की बचत, यावर ठरतं.

निवडून आलेल्या सरकारने शास्त्रज्ञांच्या तालावर नाचावं का, असंही विचारलं जातं. मुळीच नाचू नये. एफजीडी यंत्रणा सगळीकडे बसवायची तर खर्चाचा अंदाज अडीच लाख कोटींच्या घरात जातो आणि वीज युनिटमागे 25 ते 30 पैशांनी महागते. ती महाग करण्यापेक्षा काही फुप्फुसं गमावलेली परवडतील, असं ठरवण्याचा अधिकार लोकशाहीत मंत्रिमंडळालाच आहे. फक्त ते तसं म्हणत नाही. मतदारांसमोर असं वाक्य उच्चारायचं म्हणजे किंमत मोजणं आलं. त्यापेक्षा निर्णय राजकारणाने घ्यायचा आणि सही विज्ञानाची घ्यायची, हे सोयीचं. पुरावा नाही म्हटलं की निर्णय घेतलाच नाही असं भासवता येतं आणि पुरावा आहे म्हटलं की तो दुसऱ्याच कुणीतरी घेतलेला असतो.

पैसा नाही म्हणून सगळं अडलंय, हेही पूर्ण खरं नाही. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. फुप्फुसात खोल उतरून रक्तात मिसळणारे कण पीएम 2.5 गटातले, पण शहरांचं प्रगतिपुस्तक भरलं गेलं ते मुख्यतः जाडसर पीएम 10 कणांवर. मग शहरांनीही तेच केलं जे कुठल्याही चाणाक्ष विद्यार्थ्याने केलं असतं. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2024 मध्ये हिशेब मांडला तेव्हा दिसलं की 64 टक्के निधी रस्त्यांवरच्या धुळीवर गेला आहे आणि उद्योगांच्या प्रदूषणाच्या वाट्याला एक टक्काही आलेला नाही. यांत्रिक झाडूच्या गाडीला हार घालता येतो, तिच्यासोबत छायाचित्र काढता येतं. ती रस्त्यावरून फिरल्याने किती मृत्यू टळले, याची निर्णायक माहिती अजून कोणत्याही सभागृहात कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.