माद्रिद गुरुजी

खर्डा चौकातल्या हॉटेलात कुणी नुसतं "काल मीटिंगमधी लई राडा झाला" म्हटलं, की कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज येतो, "बार्सिलोनालाही अस्संच झालं होतं." माद्रिद गुरुजी आलेत, हे ओळखावं आणि चहा गरम आहे तोवर पिऊन घ्यावा.

गुरुजींनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांती परीक्षेला यायची. स्पेन मात्र पुस्तकात कुठंतरी दोन ओळींत उरकलेला. "दुसऱ्या महायुद्धाची तालीम स्पेनच्या आखाड्यात झाली, आणि त्याला मार्क शून्य!" हा अन्याय ते निवृत्तीनंतर भरून काढतायत. शाळेत निदान तास संपल्याची घंटा तरी व्हायची.

नगरपरिषदेची निवडणूक लागली की त्यांना चेव येतो. "हलकं समजू नका. १२ एप्रिल १९३१. स्पेनमध्ये निवडणुका कसल्या, तर नुसत्या नगरपालिकांच्या! मोठ्या शहरांत राजाची माणसं आपटली. १४ तारखेला प्रजासत्ताक जाहीर, आणि तेराव्या आल्फोन्सोनं गाशा गुंडाळला."

"चौदा एप्रिल?" रिक्षावाल्यानं बशी खाली ठेवली. बोटं मोजली. "म्हंजी त्या दिवशी बाबासाहेबांना चाळीस पुरी झाली की वो गुरुजी!"

एवढी वर्षं स्पेन पालथा घातला, पण ही गोष्ट गुरुजींच्या ध्यानात आली नव्हती. ते चक्क दोन मिनिटं गप्प बसले. चौकातल्या जुन्या मंडळींना असं पूर्वी कधी झाल्याचं आठवत नाही.

"गुरुजी, कधी आपल्याकडचं बी सांगा की," असं म्हटलं तर ते येतात खर्ड्याच्या लढाईवर, पण वाट पॅरिसवरून. "११ मार्च १७९५. निजामाकडं रेमंड, शिंद्यांकडं पेराँ. दोघंही फ्रेंच! तिकडं सोळाव्या लुईचं मुंडकं उडून दोन वर्षं झालेली, फ्रान्स आणि स्पेन पिरेनीजमध्ये झुंजतायत, आणि हे दोघं आपल्या तालुक्यात एकमेकांवर तोफा डागतायत!" निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कसा कोंडला आणि तहाला कसा आला, हे ते साखरेच्या डब्याला किल्ला करून दाखवतात. तेवढ्या वेळात कुणाला साखर मिळत नाही. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "मार्चात म्हंजी ऐन ज्वारी काढायला आलेली असणार. तिचं काय झालं?" गुरुजी म्हणाले, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

पण त्यांचं खरं प्रेम १८७३ वर. आपल्याकडं सोसायटीचं चेअरमनपद अडीच-अडीच वर्षं वाटून घेतात, यात त्यांना काहीच दम वाटत नाही. "स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकानं अकरा महिन्यांत चार अध्यक्ष केले! कार्ताखेना शहरानं तर स्वतःचं वेगळं राज्य काढलं, नाणी पाडली. उद्या आपल्या आळीनं बीडशी परस्पर तह केला, तर कसं होईल?" चौघांपैकी पहिला, फिगेरास, त्यांच्या खास रागातला. भांडणांना कंटाळून तो पठ्ठ्या रेल्वेत बसला आणि थेट फ्रान्सला गेला. "पळपुटा!" असं म्हणताना गुरुजी टेबलावर हात आपटतात. हॉटेलवाला कप आधीच उचलून घेतो.

गुरुजी स्वतः क्रांतीच्या बाजूचे की राजाच्या, हे मला अजून उमगलेलं नाही. सरळ विचारलं तर म्हणाले, "फ्रँको मेला २० नोव्हेंबर १९७५ ला. मला पेढे वाटावेसे वाटले होते. पण आपल्याकडं आणीबाणी, त्यात माझी नोकरी नवी." मग चष्मा पुसत बसले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत टँकरवरून दोन तट पडले. टँकर आधी वरच्या गल्लीत की खालच्या, एवढाच वाद. पण हंडे एकमेकांवर उगारले गेले. शेवटी मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि दोन्ही तटांनी एकमतानं गुरुजींना अध्यक्ष केलं. हार घातला, फोटो काढला. गुरुजी पाऊण तास बोलले. गल्लीचा प्रश्न अखेरपर्यंत आला नाही, पण युरोपातला एकही तह सुटला नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा वरची गल्ली त्यांच्या पुढच्या दारात उभी होती आणि खालची मागच्या.

तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप. फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

संध्याकाळी रिक्षावाल्यानं चौकात खबर आणली. पहाटे त्यानंच गुरुजींना स्टँडवर सोडलं होतं. हातात एकच पिशवी, अंगावर स्वेटर, तोही मे महिन्यात.

"कुठं गेले?"

"पुण्याला, लेकीकडं. म्या इचारलं, परत कधी? तर म्हणले, स्पेनला रेल्वे तरी होती, इथं यष्टीत उभं राहून जावं लागतंय."