वळणापुरती ढील

नेरळला मुंबई-पुण्याच्या गाड्या धाडधाड निघून जातात. बाजूच्या दोन फुटी रुळांवर माथेरानची गाडी मात्र, कुणी अगदीच आग्रह केला तर निघू, अशा बेताने उभी असते. डब्यात शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं आणि समोरासमोरच्या बाकांवर नावाआधी गुडघ्यांची ओळख होते. खिडकीवरून सुरू झालेलं भांडण जुम्मापट्टीपर्यंत चकलीच्या देवाणघेवाणीवर येतं, कारण तासाला दहा-बारा किलोमीटरच्या चालीत राग टिकवून धरणं फार अवघड.

सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि मुलगा अब्दुल हुसेन यांचा ध्यास, यांतून 1907 साली ही गाडी डोंगर चढली. खर्च 16 लाख. एवढ्या पैशांत मुंबईत किती चाळी उठल्या असत्या, हा हिशेब मांडणारा एखादा नातेवाईक त्यांच्याही घरी असणारच. सुमारे 21 किलोमीटरची वाट, कुठे कुठे वीस फुटांमागे एक फूट चढ, आणि वळणं तर अशी की इंजिनाने वाकून पाहिलं तर शेवटचा डबा दिसावा. सरळ स्वभावाचं इंजिन इथे चाललंच नसतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने घडवलेल्या वाफेच्या इंजिनांना एक खुबी दिली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांचा भरीव ॲक्सल एका पोकळ ॲक्सलच्या पोटात बसवलेला, मधोमध गोल सांधा. वळण आलं की चाकं जराशी सरकत, कलत. ओढण्याचं काम मात्र क्षणभरही सोडत नसत. आमच्या थोरल्या काकूंना जर्मन येत नव्हतं, पण एकत्र कुटुंबात त्यांनी जन्मभर हेच केलं.

पुढे डिझेलने जागा घेतली आणि ऐंशीच्या दशकात वाफेची इंजिनं निवृत्त झाली. नेरळला जपून ठेवलेल्या एका जुन्या इंजिनापुढे लोक फोटो काढतात. आजोबा नातवाला धुराबद्दल सांगतात, कोळशाचा कण डोळ्यात गेला की आई पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घालायची, तेही सांगतात. नातू विचारतो, ‘मग हे बंद का केलं?’ आजोबा त्याला पेरूची फोड देतात.

वाटेत एकच बोगदा आहे, तोही इतका आखूड की त्याचं नावच ‘वन किस टनेल’. माझ्या समोर नवं जोडपं होतं, मुलीच्या शेजारी तिच्या सासूबाई, मांडीवर स्टीलचा डबा. बोगदा जवळ येत चालला तशी मुलगी तिरक्या नजरेने सासूबाईंचा अंदाज घेऊ लागली. सासूबाईंनी केव्हाच डोळे मिटले होते. अंधार आला, गेला, पुढची दोन वळणंही मागे पडली. एका हाताने डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलेल्या त्या बाई अजून झोपेतच होत्या.