हजेरी पंच्याहत्तर टक्के, जत्रा धरून

कॉलेजचं दुसरं सत्र नाताळची सुट्टी संपली की सुरू होतं, असं वेळापत्रकात छापलेलं असतं. मालवणात ते तसं होत नाही. नाताळ संपला तरी नाताळाला आलेले पर्यटक संपलेले नसतात. ते चिवल्यावर आणि तारकर्लीत असेपर्यंत टीवायचा अर्धा वर्ग लोकांना लाइफ जॅकेट बांधत असतो आणि उरलेला अर्धा घरच्या होमस्टेत चादरी बदलत असतो. जानेवारीच्या मध्यावर कधीतरी एखादे प्राध्यापक वर्गात डोकावतात, तीन मुली आणि एक फिरता पंखा बघतात आणि स्टाफरूममध्ये परत जातात. सत्र सुरू झालं.

त्या तीन मुली वर्गात असतात त्याला कारण वस्तीची गाडी. गावात रात्री मुक्कामाला असलेली एसटी पहाटे सुटते, ती चुकली की दुसरी थेट दुपारी. त्यामुळे त्या सात वाजताच मालवण स्टँडवर हजर असतात. हजेरीपटावरची पंच्याहत्तर टक्के हजेरी ही महामंडळाची देणगी आहे, ज्ञानाच्या ओढीची नव्हे. या तिघींपैकी एकीचं जर्नल जानेवारीतच पूर्ण होतं. बाकी वर्गाचं जर्नल झेरॉक्सवाला फेब्रुवारीत पूर्ण करतो.

पुढचा अभ्यासक्रम कॉलेज ठरवत नाही, आंगणेवाडीची भराडी देवी ठरवते. तिच्या जत्रेला पंचांगातली ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती एकदा जाहीर झाली की रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटी जादा गाड्या सोडते, मुंबईतल्या चाकरमान्यांच्या रजा मंजूर होतात आणि वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे पुढारी एकाच देवळाच्या एकाच रांगेत येतात. तारीख बदलल्याचं कोणी ऐकलेलं नाही. परीक्षेचं वेळापत्रक मात्र आधी 'संभाव्य' येतं, मग 'सुधारित', मग 'अंतिम', आणि सर्वांत शेवटी 'अंतिम सुधारित'. माझी नम्र सूचना आहे की परीक्षा आणि निकाल, दोन्हींच्या तारखा कौल लावूनच ठरवाव्यात. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल कित्येक महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. देवाला लावलेल्या पाकळ्या आधी उजवीकडच्या पडतात की डावीकडच्या, एवढंच बघायचं ठेवलं असतं तर सगळं एका सकाळीत आटोपलं असतं.

जत्रेनंतर दुसऱ्या दिवशी वर्गात चौकशी होते.

"काल खय होतस रे?"

"जत्रेक, सर."

"मगे माका कसो दिसलस नाय?"

आणि सगळ्यांची हजेरी लागते.

जत्रा झाली की महाशिवरात्रीला कुणकेश्वर. तो झाला की शिमगो. शिमग्यात तर गावागावाचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे एका वर्गात पाच गावांची मुलं असली की सुट्टी पंधरा दिवस पुरते. याच दिवसांत परीक्षा फी भरायची मुदत असते. विद्यार्थी रस्त्याला दोरी आडवी धरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून 'शबय' मागतो आणि जमलेल्या पैशांत फी भरतो. कोकणातल्या उच्च शिक्षणाला लोकवर्गणीचा आधार आहे तो असा. विलंब शुल्कालाही शबय म्हणायला हरकत नसावी. दोन्हीकडे दोरी आडवीच असते.

या साऱ्यात रात्री दशावतार. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला हंगाम मेपर्यंत चालतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत. काही प्राध्यापक याला वेळेचा अपव्यय म्हणतात. मला ते पटत नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते थोडा वेळ आधी ठरतं आणि मग राजाचा राजाशी संवाद ज्याने-त्याने उभ्या-उभ्या रचायचा असतो. तोंडी परीक्षेत आमचा विद्यार्थी नेमकं हेच करतो. विषय त्याला दाराबाहेर मित्राकडून कळतो, आत जाऊन तो छाती काढून उभा राहतो आणि प्रश्न येण्याआधीच उत्तर सुरू करतो. बाहेरगावाहून आलेले परीक्षकही रात्रभर शेजारच्या गावात नाटक बघून आलेले असतात. ते समोरच्या पात्राचं बेअरिंग बघतात, मजकूर नव्हे. वीसपैकी सोळा.

आता ऑन जॉब ट्रेनिंगकडे येतो, कारण या सत्राची खरी करमणूक तिथे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलाने प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन काम शिकायचं. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. उत्तम कल्पना आहे. फक्त मालवणात एक अडचण आली, की इथला मुलगा आठवीपासून कामावरच आहे. बापाच्या होडीवर त्याने इंजिन उघडून पुन्हा जोडलंय. भरती-ओहोटी त्याला पंचांग न बघता कळते. पुण्याहून आलेल्या बारा जणांच्या कुटुंबाला तो सिंधुदुर्ग किल्ला फिरवतो, २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाल्याचं सांगतो, पायात शिसं ओतल्याचं सांगतो, महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतो आणि परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःच्याच घरी जेवायला नेतो. हिशोब, इतिहास, आदरातिथ्य आणि विपणन, चारही विषय एका फेरीत.

पण ट्रेनिंग म्हणून हे काम चालत नाही. बापूस ही 'संस्था' नाही. त्याला लेटरहेड नाही, शिक्का नाही, 'मेंटॉर' म्हणून सही करायला तो समुद्रावरून वेळेत येत नाही. मग हा मुलगा कुडाळातल्या एका कार्यालयात जातो, मामाची ओळख सांगतो, एकदा चहा पितो आणि १२० तास 'ऑफिस मॅनेजमेंट' शिकल्याचं प्रमाणपत्र घेऊन येतो. रोजची लॉगबुक एका रात्रीत भरली जाते, दोन रंगांच्या पेनांनी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी दिसेल. पुढच्या शनिवारी प्रमाणपत्र देणारे साहेब सहकुटुंब मालवणात येतात आणि किल्ल्याची फेरी फुकट मारतात. होडी हाच मुलगा चालवतो. म्हणजे ज्या कामाला प्रमाणपत्र मिळालं ते त्याने केलं नाही आणि जे केलं ते प्रमाणपत्राची किंमत म्हणून कापलं गेलं. व्यवस्थापनशास्त्राचा याहून पूर्ण धडा मला तरी माहीत नाही. चार क्रेडिट त्याला मिळायलाच हवेत, फक्त कारण चुकीचं लिहिलंय.

हे क्रेडिट ठेवायला बँकसुद्धा आहे, 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'. बापाच्या खात्यावर डिझेलची उधारी आणि मुलाच्या खात्यावर क्रेडिट असं चित्र घराघरात आहे. एक क्रेडिट वळतं करून एक बॅरल डिझेल मिळतं का, याची दांडीवर चौकशी झाल्याचं ऐकतो.

फील्ड प्रोजेक्टचीही तीच गत. विषय 'मालवणातील पर्यटन : संधी आणि आव्हाने'. गेल्या वर्षीचाच, त्याच्या आधल्या वर्षीचाही. मूळ प्रत बहुधा रायगडातून आलेली असावी, कारण तिसऱ्या पानावर अजून देवबागऐवजी अलिबाग आहे. निष्कर्ष असा की पर्यटनाला भरपूर वाव आहे. ज्याच्या घरी त्या क्षणी अंगणात सुद्धा पाहुणे झोपलेत, तो हे टाइप करून घेतो.

किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर. समुद्रातला तट साडेतीनशे वर्षं लाटा खातो आहे. समोर किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आठ महिने. आमच्याकडे एक केटी, म्हणजे राहिलेला विषय, त्याहून जास्त टिकते. तरीही तीन वर्षांत पदवी न झालेल्या मुलाला लोक 'कच्चो' म्हणतात.

एप्रिल उजाडतो. आंबा आणि परीक्षा एकाच आठवड्यात तयार होतात. देवगड-मालवणाकडच्या बागांत पहाटे पाचला झेला हातात घेतलेला मुलगा साडेदहाला पेपरला बसतो, बोटांना चीक तसाच. प्रॅक्टिकलमध्ये द्रावण बिघडवणारा हाच मुलगा दोनशे लिटरच्या पिंपात तुडतुड्याचं औषध न चुकता मिसळतो, कारण तिथे चूक झाली तर मोहोर जळतो. इथे फक्त गुण जातात. पेटी वाशीच्या मार्केटला वेळेत गेली पाहिजे. पेपरचं काय? बापूस स्पष्ट आहे. "पेपर काय, परत गावतलो. गिराईक परत गावाचा नाय."

प्रश्नपत्रिका पाचशे किलोमीटरवरून ऑनलाइन येते आणि केंद्रावर छापली जाते. त्या वेळी मळभ आलं की वीज जाते. वीज गेली की सगळे बाहेर व्हरांड्यात येतात आणि अर्धा तास आंब्याच्या दराची चर्चा होते, पर्यवेक्षकांसकट. संपूर्ण सत्रात सर्व विद्यार्थी आणि सर्व शिक्षक एका विषयावर एकाग्र झालेले मी इथेच पाहिलेत.

आणि तरी ही मुलं हुशार आहेत, हे कागदोपत्री सिद्ध आहे. कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे दोनच जिल्हे, आणि दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. दरवर्षी अभिनंदनाचे बॅनर लागतात, त्यावर पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि मुलांचा लहान. बॅनर उतरेपर्यंत त्यातली बरीच मुलं कुडाळला रात्रीच्या कोकणकन्येत बसलेली असतात, नाहीतर गोव्याच्या औषध कंपनीच्या बसमध्ये. मागे राहतो तो कॉलेजला जातो, आणि त्याला आपण विचारतो, अभ्यास कधी करतोस?

तर मे महिन्यात मालवणला याल, जेटीवर कोणी पोरगा तुमच्या मुलाला लाइफ जॅकेट बांधत असेल, तर त्याला 'काय शिकतोस' असं विचारू नका. उद्या पेपर आहे का, ते विचारा. असेल तर किल्ला जरा भरभर बघा आणि त्याला संध्याकाळच्या आत मोकळा करा. पैसे रोख द्या, रेंजचा भरवसा नाही.