अठरा इंची ‘थांबा’

अमेरिकेत मोटारींना थांबवणारी लाल अष्टकोनी पाटी साध्या रस्त्यावरसुद्धा ३० इंची असते. सायकलमार्गावर तीच पाटी १८ इंची चालते. नियमपुस्तकात तशी मापंच छापली आहेत. मोटार थोर, तिची पाटी थोर. सायकल बिचारी लहान, तिला बालवाडीची पाटी. मापाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती, ही बालवाडीची पाटी कुणाकडे तोंड करून उभी आहे याबद्दल.

वॉशिंग्टनच्या पश्चिमेला ‘डब्ल्यू अँड ओडी’ नावाचा ४५ मैलांचा डांबरी मार्ग आहे. शर्लिंग्टन, फॉल्स चर्च, व्हिएन्ना, रेस्टन, हर्न्डन, स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न, लीसबर्ग करत तो पर्सेलव्हिलला पोचतो. कुणाचा ना कुणाचा भाचा यातल्या एका गावात संगणकासमोर बसलेला असतोच, त्यामुळे जास्त ओळख करून देत नाही. इथून पूर्वी आगगाडी जायची. १९५१ साली उतारू गाड्या थांबल्या, १९६८ साली मालगाड्याही. रूळ उचलले, १९७४ साली फॉल्स चर्चमध्ये पहिला तुकडा झाला आणि १९८८ साली डांबर पर्सेलव्हिलला टेकलं. व्हिएन्नात गार्डाचा एक लाल डबा शोभेला ठेवला आहे. पोरं त्याच्यापुढे फोटो काढतात.

या मार्गाला जिथे जिथे रस्ते आडवे येतात, त्याच नाक्यांवर आगगाडी होती तेव्हा मोटारी थांबत. इंजिनाने दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब अशी शिट्टी दिली की डॉक्टर असो, वकील असो, नगरशेठ असो, ब्रेक दाबून मुकाट उभा. कोणी म्हटलं नाही की गाडीने थांबावं, मला उशीर होतोय. आज पट्टी तीच, नाके तेच, फक्त इंजिनाच्या जागी बारा किलोची सायकल आली आणि थांबायची पाळी फिरली. बळी तो कान पिळी, हे वाहतूकशास्त्राचं पहिलं सूत्र आहे. बाकीची सूत्रं त्यावर टिपा.

बरं, नुसतं थांबायचं असतं तर थांबलो असतो. पण त्याच नाक्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आहेत आणि कायदा मोटारवाल्याला सांगतो की पट्ट्यांवरच्या माणसाला वाट दे. म्हणजे पाटी मला थांबवते आणि पट्टे त्याला. आम्ही दोघेही थांबतो. मग तो काळ्या काचेमागून हात हलवतो. हात हलल्याचा मला नुसता संशय येतो, कारण काचेत आभाळ दिसत असतं. मी पाटीकडे बोट दाखवतो: तुम्ही आधी. तो पुन्हा हात हलवतो: छे, छे, तुम्ही. पंगतीत जिलबीचा आग्रह चालतो तसा हा आग्रह चालतो. फरक एवढाच की इथे वाढप्याचं वजन दोन टन आहे आणि त्याचा पाय ब्रेकवर कंटाळत चाललाय. मी नकार दिला की त्याच्या सौजन्याचा अपमान होतो. त्याने आज सकाळी उठून एक सत्कृत्य करायचं ठरवलेलं असतं आणि ते स्वीकारायला मी तयार नसतो. मागे रांग लागते. मागच्यांना सत्कृत्य दिसत नाही, फक्त एक माठ दिसतो, म्हणून ते भोंगे वाजवतात. आता त्याचा हात आग्रहाने नाही, रागाने हलू लागतो. मी घाबरून एक पाय पेडलवर ठेवतो, आणि नेमका त्याच क्षणी तोही कंटाळून निघतो.

आणि शेजारची लेन? चौपदरी रस्त्यावर एक सज्जन थांबतो तेव्हा त्याच्या शेजारच्या लेनमधून येणाऱ्याला फक्त एक उभी मोटार दिसते. तिच्या आड काय आहे ते दिसत नाही, आणि तो ताशी चाळीस मैलांनी निघून जातो. आड कधी मी असतो, कधी पाचवीतली मुलगी असते. मग बातमी येते. बातमीत पहिल्यांदा काय विचारतात? हेल्मेट होतं का. दुसऱ्यांदा? पाटीवर थांबली होती का. मोटार किती वेगात होती हा प्रश्न तिसऱ्या परिच्छेदात जातो आणि तिसरा परिच्छेद जागेअभावी कापला जातो. इथे माझा विनोद संपतो. वास्तविक त्याच नियमपुस्तकात लिहिलंय की कुणी आधी जायचं हे केवळ वेगावर ठरवू नका. मार्गावर गर्दी आणि रस्ता सुनसान असेल तर मान मार्गाला देता येतो. पण पुस्तकातली मापं तेवढी पाळायची असतात.

आता माझं जुनं दुखणं. या मार्गावरून ४५ मैल जाता येतं, दूध आणायला मात्र जाता येत नाही. घर बंद गल्लीच्या टोकाला, दुकान सहापदरी रस्त्यापलीकडे आणि दुकानापुढे पार्किंगचं वाळवंट. म्हणून शनिवारी सकाळी सभ्य गृहस्थ काय करतो? सायकल मोटारीच्या पाठीला बांधतो, मार्गाच्या वाहनतळावर जातो, तिथे जागेसाठी भांडतो, घट्ट चड्डी घालून वीस मैल मारतो, प्रत्येक पाटीला शिव्या देतो, सायकल पुन्हा मोटारीला बांधतो आणि येताना दूध आणतो. सोमवारी तोच गृहस्थ त्याच नाक्यावर काळ्या काचेमागे बसलेला असतो. हात हलवणारा तो, भोंगा वाजवणारा तो, शेजारच्या लेनमधून सुसाट जाणाराही तोच. शनिवारची अक्कल शनिवारीच संपते.

उपाय अवघड नाही. आडरस्त्यांपुरती पाटी उपटायची, फिरवायची आणि मोटारीकडे तोंड करून रोवायची. हवं तर मोठी लावा. अर्ध्या तासाचं काम. पण आधी अभ्यास होईल, अहवाल येईल, नागरिकांची सभा भरेल. सभेला सगळे सायकलप्रेमी मोटारीने येतील, सभागृहाबाहेर त्यांना जागा मिळणार नाही, आणि त्या संध्याकाळी एकच ठराव मंजूर होईल: पार्किंग वाढवा. एकमताने.